सांधा मातीच्या वर

दसरा सरला आणि ते ऊन यंदाही आलं. पावसाने धुऊन काढलेलं, दिसायला सोज्वळ, पण अंगावर घेतलं की चावणारं. या उन्हात कपाशीची पहिली बोंडं उकलतात, सोयाबीन काढलेल्या वावरांत मळणीच्या कुटाराचे ढीग पिवळे पडतात, काळ्या मातीला पहिल्या बारीक भेगा जातात आणि मी माझी कात्री दगडावर घासायला बसते. गुलाबाची छाटणी याच दिवसांत करायची असते. लोक म्हणतात, देवकाबाई धार लावत असली की तिच्याशी बोलायला जाऊ नये. बरोबर म्हणतात. त्या वेळी धार एकट्या कात्रीला लागत नसते.

बोरी अरबच्या रस्त्याला माझी नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, पिशव्यांत गुलाब, आणि फाटकावर मीच रंगवलेली पाटी : विकलेलं रोप परत घेतलं जाणार नाही. दारव्ह्याहून, आर्णीहून लोक गाड्या काढून येतात. भाव करतात, हरतात, रोपं घेऊन जातात. माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस मला तरी आठवत नाही. एवढं सगळं असून या दिवसांत कुठल्याही झाडापुढे बसले की माझा हात आधी बुडाशी जातो. माती बाजूला सारतो, कोपरासारखी एक खडबडीत गाठ अंगठ्याला लागते आणि मगच मी कात्री उघडते. ती गाठ म्हणजे सांधा. तो मातीच्या वर दोन बोटं असला की झाड सुखात आहे असं समजावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण ज्याला गुलाबाचं झाड म्हणतो त्यात दोन झाडं असतात. खाली जंगली गुलाबाचा खुंट. त्याची मुळं काळ्या मातीशी भांडून पाणी काढतात, वैशाखात तग धरतात, पण फूल म्हणाल तर नखाएवढं, पांढरट, दोन दिवसांत गळून जाणारं. वर असतो तो रंगाचा, वासाचा, मिरवणारा गुलाब. त्याला आमच्या मातीत स्वतःच्या पायावर उभं राहणं जमत नाही. म्हणून थंडीत खुंटाच्या सालीला चाकूने आडवी-उभी चीर द्यायची, साल पाकिटासारखी उघडायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा आणि तेवढा डोळा उघडा ठेवून वरखाली पट्टी घट्ट बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की जीव लागला. मग पट्टी कापायची. ती राहू दिली तर खुंट जाड होत जातो, पट्टी मात्र तेवढीच राहते, आणि जिने जीव जोडला तीच गळा आवळते. पट्टी सुटली की डोळ्याच्या वरचा खुंट उडवायचा. पुढे जे काही फुलतं ते त्या एका डोळ्यातून.

अपमानही असाच भरला जातो. चीर द्यायला एक क्षण पुरतो. आत सरकवणारा आपल्या वाटेने निघून जातो. साल मिटते, वरून काही दिसत नाही. तीन आठवड्यांनी पाहावं तर आत हिरवं.

मी तांड्यातली. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. त्या लदेणीच्या गोष्टी याडी, म्हणजे माझी आई, सांगायची. तिने स्वतः बैलाच्या पाठीवर कधी गोणी लादली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं. पण ती म्हणायची, आपल्या लोकांनी मीठ विकलं, शब्द नाही विकला. मीठ घेणाऱ्याने कधी चाखून पाहिलं नाही, बैल ओळखला की गोणी उतरवून घ्यायचा. एवढं नाव होतं. नाव म्हणजे काय ते मला त्या मिठातून कळलं.

डोळे भरायला मी पुण्याकडच्या एका नर्सरीत शिकले. शिकले म्हणजे चोरलं. तिथेही मी निंदणालाच होते. डोळे भरणारे कारागीर मोठे तोऱ्याचे. बाईमाणूस जवळ उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. मी तण उपटत उपटत बरोबर त्यांच्या शेजारच्या रांगेत पोचायची आणि मान खाली घालून त्यांचे हात पाहायची. मी उपटलेलं तण तेवढ्या एका रांगेत सगळ्यात कमी असायचं. गावी परतले तेव्हा माझ्याकडे एक चाकू होता आणि बांधायला पट्टी विकत घ्यायची ऐपत नव्हती. टपरीवरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणायची, धुवायची, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायची. निळ्या अक्षरांच्या पट्ट्या. अख्ख्या तालुक्यात तशा पट्ट्या दुसरं कुणी बांधत नव्हतं.

आणि मग तो हंगाम.

चौदा पावसाळे झाले त्याला. बोरीजवळच्या गावात नानाजींचा बंगला. कपाशी-तुरीची मोठी शेती, बंगल्यापुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. त्यांनी माझ्याकडून बारा लाल गुलाब घेतले. एवढी रोपं एकदम घेणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. नानाजींच्या अंगणात माझे गुलाब फुलले की पंचक्रोशी ते पाहणार होती. मी बारा पिशव्या घेऊन फाटकापाशी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. नानाजी आतून आले, पण फाटक उघडलं ते हात बाहेर येईल एवढंच.

"ठेव इथंच."

"म्या लावून देते ना नानाजी. लावण्यातच सारं हाये."

"तू आत कायले येतेस? गडी लावतीन."

मी फाटकाच्या गजांतून सांगितलं, "मंग एवढं पाहा. हे गाठ दिसते ना, सांधा, हे मातीच्या वर ठेवा. दोन बोटं वर. माती चढवू नोका."

नानाजी मागे वळून गड्यांना ऐकू जाईल असं हसले. "ऐका रे! चाळीस वर्षं कपाशी डवरून राह्यलो मी. आता तांड्याची बाई मले शिकवीन माती कुठी चढवायची अन् कुठी नाही!"

डवरणं म्हणजे ओळींतून डवरा चालवून झाडाच्या बुडाशी माती चढवणं. कपाशीला ते मानवतं. ती जोम धरते, वाऱ्यापावसात आडवी होत नाही. आमच्याकडच्या माणसाला मोकळं बूड बघवतच नाही. झाड दिसलं की हात माती ओढायला जातो. पण कलमी गुलाबाला माती चढवली की सांधा गाडला जातो. काळी माती चार-चार दिवस पाणी धरून ठेवते. सांधा सडतो, वरचा गुलाब मरतो, आणि खालचा जंगली, जो मरणं शिकलेलाच नाही, तो मातीतून नवे फुटवे काढतो.

मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगायची होती. पण गडी हसत होते आणि माझं डोकं फिरलं होतं. बारा पिशव्या फाटकाशी टेकवल्या आणि मी तोंड फिरवून चालू पडले.

पुढच्या दसऱ्यानंतर, याच उन्हात, बोरीचा बाजार भरला होता. माझं दुकान म्हणजे एक गोणपाट आणि त्यावर तीस-चाळीस पिशव्या. शेजारी जैतूनबीचा बांगड्यांचा ठेला. नानाजी गर्दीतून आले आणि एक लांबलचक, हिरवीगार फांदी माझ्या गोणपाटावर फेकली.

"मोजा रे, मोजा! एका देठाले सात पानं! गुलाबाले पाच असतेत, जंगलीले सात. बाईनं लाल म्हणून सांगतला अन् जंगल देलं!"

लोक खरंच मोजायला लागले. पोहेवाला हातातलं सोडून मोजायला आला.

"पानं मोजून काही समजत नाही, नानाजी," मी उभी राहिले. "फांदी सांध्याच्या वरून निघाली का खालून, ते पाहा लागते. चाला, आत्ता चाला, उकरून पाहू."

"माह्या फाटकाच्या आत तू पाय ठेवणार नाहीस." आणि मग बाजाराकडे तोंड करून, "तांड्याच्या बाईकडून गुलाब घेतला, जंगली निघाला. बूडच जंगली, वर काय निघन?"

हसण्याचा आवाज कसा असतो ते मला विचारा. काचेच्या बांगड्यांची रास कलंडावी तसा. माझ्या हातात चाकू होता. जैतूनबीने माझ्या लुगड्याचा काठ धरून मला खाली ओढलं.

"बैठ, देवका. चाकू ठेव पयले. बाजार पाहून राह्यला."

"पाहू दे."

"तू चाकू दाखवशीन तं चाकूच पाह्यतीन. तुह्यं झाड कोणी पाह्यणार नाही."

त्या दिवशी माझी एकही पिशवी उचलली गेली नाही. आधी नेलेले दोघे रोपं उपटून परत घेऊन आले. त्यांच्या झाडांना काही झालेलं नव्हतं, तरी आले. मला नाव पडलं : जंगलीवाली. पुढची कित्येक वर्षं मी भाव सांगितला की गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "जंगली तं नाही ना निघणार, बाई?" आणि मी रुपया सोडायची. मी, जी एक दमडी सोडत नाही.

सात पानांची ही गोष्ट गावोगाव पसरलेली आहे आणि ती अर्धवट आहे. चांगल्या गुलाबालाही कधी सात पानं येतात. पानावरून झाडाची जात ठरवणारा माणूस आडनावावरून माणसाची ठरवतो. खात्री करायची असेल तर खाली बसावं, हात काळे करावेत, फुटवा जिथून निघाला तिथपर्यंत माती उकरत जावं. सांध्याच्या वरून निघाला तर तो तुमचा. खालून निघाला तर रानफूट. मग ती कात्रीने कापू नये, कापली की एकीच्या चार होतात. अंगठा लावून खाली दाबावं आणि बुडासकट ओढून काढावं. मला ते चांगलं जमतं. त्या वर्षांत प्रत्येक रानफुटीला मी मनातल्या मनात एकच नाव दिलं.

आणि जंगली म्हणून हिणवता कुणाला? तुमचा लाल गुलाब ज्याच्या खांद्यावर उभा आहे त्यालाच ना?

एक झाड मी नानाजींसाठी वेगळं ठेवलं होतं. निव्वळ जंगली खुंट, डोळा न भरलेला. दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवायची, पाणी घालायची, याच दिवसांत छाटून नीटस करायची, म्हणजे बघणाऱ्याला कलमी वाटावं. कधीतरी ते येतील, आणि हेच मी त्यांना लाल म्हणून देईन. जैतूनबी आली की त्या कुंडीकडे पाहून म्हणायची, "लेकरावानी पोसून राह्यली वं याले. याच्या लग्नाले बोलव मले."

या वर्षी दसऱ्यानंतर आठच दिवसांनी एक पांढरी गाडी माझ्या फाटकाशी थांबली. एक बाई उतरली. बोलण्यावरून शहरातली.

"बारा लाल गुलाब हवेत. अंगणात जुने आहेत, पण नुसतं रान माजलंय. सासऱ्यांना सकाळी गुलाबापुढे बसून चहा प्यायची हौस आहे." तिने गाव सांगितलं. मी गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेआड नानाजी बसले होते. म्हातारे झालेले, मांडीवर काठी. त्यांनी मला पाहिलं आणि समोर बघायला लागले.

यंदा फाटक माझं होतं.

माझा हात त्या कुंडीकडे गेला, खोटं कशाला सांगू. बोटं काठाला लागलीसुद्धा. मग माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. ती कुंडी दिली की नानाजी चौदा वर्षं खरं बोलत होते असं होणार. त्यांचं खोटं मी स्वतःच्या हाताने खरं करून देणार, तेही पाणी घालून वाढवलेल्या झाडाने. एवढा महागाचा सूड मला परवडणारा नव्हता.

"देते," मी सुनेला म्हटलं. "पण लावणार मी. त्याआधी जुनी झाडं उकरायची. पयल्या झाडाले खुरपं नानाजी लावतीन. अन् बांगडीवाली जैतूनबी माह्या संगं येईन, पाहाले."

"बाई, तुम्ही गुलाब विकता की कोर्ट भरवता?"

"आज दोन्ही."

ती गाडीपाशी जाऊन आली. "ते म्हणतात, दारव्ह्याला घेऊ."

"घ्या ना. तिथल्या नर्सरीवाल्याले डोळे भरणं म्याच शिकवलं. मले इचारल्याबिगर तो तुमाले पान देणार नाही."

सून पुन्हा गाडीपाशी गेली. या वेळी काच खाली झाली. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर गेलेच नाही. भाव करताना पुढे कधी सरकू नये. थोड्या वेळाने काचेतून काठी धरलेला हात बाहेर आला आणि नुसता हलला : ये. अट मान्य होती.

दिवस मी ठरवला. नानाजींच्या घरी सीतादहीचा दिवस. पहिल्या वेचणीआधी वावरात पाच खडे मांडतात, शेंदूर लावतात, दहीभात वाहतात, मगच बोंडाला हात लावतात. वावर बंगल्याच्या मागेच, म्हणजे वेचायला आलेल्या साऱ्या बाया अंगणात दहीभात खायला बसणार. त्यातल्या निम्म्या त्या बाजारात होत्या. मला तोच बाजार पुन्हा भरवायचा होता.

फाटक सताड उघडं होतं. मी मधोमध चालत आत गेले. अंगणात बारा जागी जंगली गुलाब माजलेला, एकमेकांत गुंतलेला, टोकांना ती नखाएवढी पांढरी फुलं. नानाजी काठी टेकत आले. खाली बसताना त्यांचे गुडघे वाजले. सून आधाराला पुढे झाली, ते म्हणाले, "राहू दे." मी खुरपं त्यांच्या हातात दिलं. मला दया यायला हवी होती. आली नाही.

वरची माती भुसभुशीत होती, चौदा वर्षं चढवलेली. चार बोटं गेली, मग वीतभर. मग त्यांनी खुरपं ठेवलं आणि बोटांनी माती काढू लागले, शेतकरी मुळाशी आला की काढतो तशी. एक हिरवा फुटवा धरून खाली खाली गेले. तो जिथून निघाला होता त्याच्याही वर, मातीत गाडलेला, सांधा होता. त्यातून वर जाणारा लाल गुलाबाचा बुंधा कोळशासारखा काळा. नानाजींनी अंगठा लावला तर भुगा झाला.

दहीभाताच्या पत्रावळींवर हात थांबले होते. नानाजींनी तो भुगा बोटांत चोळून पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. आयुष्यभर माती पाहिलेला माणूस.

"डवरलं आपण," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "झाड चांगलं होतं."

"मोठ्यानं."

"तुह्यं झाड चांगलं होतं."

"कोणाचं?"

त्यांनी मान वर केली. चौदा वर्षांत त्या तोंडून माझं नाव आलं नव्हतं. "देवकाबाई," ते म्हणाले, अंगणभर ऐकू जाईल असं, "बाराही झाडं तुह्ये चांगले होते. माती मी चढवली. बाजारात बोललो ते खोटं बोललो."

जैतूनबीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "झालं ना, माय? चाल आता."

तिथे मी उठायला हवं होतं. पण सौदा मिळाला तरी आणखी एक मागून पाहायचं, ही माझी खोड. "सारी उकरा," मी गड्यांना म्हटलं. "एकूण एक. मले पाहू द्या." दुसरं निघालं, तिसरं निघालं. प्रत्येक सांधा वीतभर खाली, प्रत्येक सडलेला. मी प्रत्येकाजवळ उभी राहिले, बायांना दाखवलं, नानाजींना दाखवलं. बारावं झाड कोपऱ्यातलं होतं. ते मी स्वतः उकरायला बसले, मजा म्हणून.

सांधा लागला. सांध्याभोवती खुंटाची साल दोन ओठांसारखी फुगलेली, आणि त्या ओठांमध्ये रुतून बसलेली पट्टी. मातीने मळलेली, पण थुंकी लावून पुसली तर निळी अक्षरं. माझी पट्टी.

मग मला ती दुसरी गोष्ट आठवली, जी फाटकाशी सांगायची राहिली होती. बारापैकी एकाचा डोळा उशिरा, पावसाच्या तोंडावर भरलेला होता. त्याची पट्टी आणखी आठ दिवस लागणार होती. आत जाऊन लावताना मी ती दाखवणार होते, अमक्या दिवशी कापा म्हणून. पण गडी हसले, माझं डोकं फिरलं आणि मी तोंड फिरवलं. ते झाड माती चढायच्या आधीच गळा आवळून मेलं होतं.

मी पट्टी ओढून काढली. मूठ मिटली. मग नवे बारा गुलाब लावले, सांधे दोन बोटं वर ठेवून, आणि प्रत्येकाजवळ नानाजींना वाकून पाहायला लावलं.

फाटकातून बाहेर पडताना जैतूनबीने विचारलं, "मुठीत काय हाये वं?"

"माती," मी म्हटलं.

ती पट्टी आता माझ्या चाकूच्या डबीत आहे. कात्रीला धार लावायला बसले की दिसते, आणि आम्हा दोघींचा भाव सुरू होतो. ती म्हणते, अकरा त्यांची, एक तुझं. मी म्हणते, त्या एकातलं अर्धं त्यांच्या फाटकाचं. आत घेतलं असतं तर सांगितलं असतं. ती म्हणते, गजांतून सांध्याचं सांगता आलं, मग पट्टीचं का नाही? मी कात्री घासत राहते. मी साडेअकरावर अडून आहे.

नानाजींनी कबुली बाराची दिली. ऊन अजून महिनाभर असंच राहील आणि माझ्या फाटकावरची पाटी सगळ्यांना वाचता येते. माल परत घ्यायची रीत माझ्याकडे नाही, मिळालेलं परत करायचीही नाही.